कुठलं हायफाय मासिक कशासाठी वाचायचं आणि कुठे सावध राहायचं

प्रश्न थोडक्यात असा होता की स्टिरिओफाइल, द ॲब्सोल्यूट साउंड, हायफाय न्यूज आणि व्हॉट हायफाय या चारांपैकी एकाचीच वर्गणी भरायची तर कुठली भरावी. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन आणि थोडं नाट्यसंगीत, खोली 10 बाय 12 फूट, ॲम्प आणि स्पीकर मिळून बजेट दीड-दोन लाख. मी ॲम्प रिपेअर करतो आणि लोकांच्या घरी सिस्टिम लावून देतो, त्यामुळे ही मासिकं मला कामाचा भाग म्हणून वाचावी लागतात, कारण गिऱ्हाईक मोबाईलवर रिव्ह्यू दाखवतच दुकानात शिरतं आणि म्हणतं याला पाच स्टार आहेत, मग माझ्याकडे असं का वाजतंय. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

मासिक विश्वासाचं आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. परीक्षण लिहिणाऱ्याने जे म्हटलंय त्याच्या विरोधात जाणारं काही त्याच अंकात छापलंय का? छापलं असेल तर ते मासिक मी पैसे देऊन वाचतो, नसेल तर फुकटात चाळतो. बाकी फोटो, कागद, पुरस्कार, कुणाचे कान किती तयार, हे सगळं नंतर.

या हिशेबात स्टिरिओफाइल पहिलं येतं. 1962 साली जे. गॉर्डन होल्टने ते सुरू केलं. तो आधी हाय फिडेलिटी मासिकात होता आणि जाहिरातदाराला दुखवायचं नाही या तिथल्या धोरणाला कंटाळला होता. त्याचं म्हणणं साधं होतं, उपकरण कागदावर कसं आहे ते पुरे झालं, आता ऐकून सांगा. त्या काळात हे बंडच होतं कारण बाकी मासिकं स्पेसिफिकेशनच्या पलीकडे जातच नव्हती. मग 1986 साली जॉन ॲटकिन्सन इंग्लंडहून, हायफाय न्यूजचं संपादकपद सोडून, अमेरिकेत स्टिरिओफाइलकडे आला आणि 1989 पासून परीक्षणाबरोबर मोजमापं नियमित छापायला लागला. म्हणजे ऐकून लिहिणारा एक माणूस आणि लॅबमध्ये मोजणारा दुसरा, आणि दोघांचं जुळलं नाही तरी दोन्ही छापून येतं. 2019 मध्ये संपादक बदलला, जिम ऑस्टिन आला, पण मोजमापाचं काम ॲटकिन्सनने सोडलं नाही.

आता ते मोजमापाचं पान कसं वाचायचं ते सांगतो, कारण बहुतेक लोक तिथे ग्राफ दिसला की पुढे सरकतात. स्पीकरचं परीक्षण असेल तर पहिली ओळ सेन्सिटिव्हिटीची असते, म्हणजे ठराविक व्होल्टेज दिल्यावर स्पीकर किती मोठ्याने वाजतो. कंपनी म्हणते 90 डीबी, इकडे मोजून येतं समजा 86.5. साडेतीन डीबीचा फरक म्हणजे तेवढाच आवाज काढायला दुपटीहून जास्त पॉवर लागणार, म्हणजे ज्या 40 वॅटच्या ॲम्पवर तुम्ही भागवायचं ठरवलं होतं तो कमी पडणार. आणि यात अजून एक गोम असते. सेन्सिटिव्हिटी 2.83 व्होल्टवर मोजतात, 8 ओहमच्या स्पीकरला तो बरोबर 1 वॅट होतो पण 4 ओहमच्या स्पीकरला 2 वॅट. म्हणजे 4 ओहमचा 90 डीबीवाला स्पीकर वॅटच्या हिशेबात 87 चाच. ब्रोशरमध्ये हे कुणी सांगत नाही.

त्याच्या खाली इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचा, ग्राफ असतो, एक रेष ओहमची आणि एक तुटक रेष फेज अँगलची, म्हणजे व्होल्टेज आणि करंट एकमेकांच्या किती पुढेमागे आहेत ते. नुसतं किमान ओहम बघू नका. जिथे ओहम खाली गेलेत आणि त्याच जागी फेजही शून्यापासून लांब आहे, ती जागा ॲम्पला खरी जड जाते. माझ्याकडे रिपेअरला येणाऱ्या जळलेल्या आउटपुट स्टेजमध्ये ही जोडी वारंवार दिसते, लहानसा इंटिग्रेटेड ॲम्प आणि कागदावर '8 ओहम नॉमिनल' लिहिलेला पण 80-100 हर्ट्झच्या आसपास साडेतीन ओहमला उतरलेला टॉवर स्पीकर. लोक म्हणतात ॲम्प वाईट निघाला. ॲम्प बिचारा ठीक होता.

तिसरा ग्राफ फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत कुठे आवाज जास्त आणि कुठे कमी, आणि इथे नवे वाचक हमखास घाबरतात कारण 60-100 हर्ट्झजवळ मोठा उंचवटा दिसतो. तो बराचसा मोजायच्या पद्धतीमुळे येतो, माइक वूफरच्या (बास वाजवणाऱ्या कोनाच्या) अगदी तोंडाशी धरलेला असतो त्यामुळे बास फुगून दिसतो. ॲटकिन्सन हे जवळजवळ प्रत्येक वेळी लिहितो, तरी लोक स्क्रीनशॉट टाकून 'बूमी आहे' म्हणतात. खालचा मजकूरही वाचा हो.

मागच्या पानांत 'मॅन्युफॅक्चरर्स कॉमेंट्स' म्हणून सदर असतं, त्यात कंपनी परीक्षणाला उत्तर देते. माझ्या मते अंकातला सगळ्यात करमणुकीचा आणि सगळ्यात कामाचा भाग तोच. कंपनी मोजमापावर काय सफाई देते, कशावर गप्प बसते, 'तो सुरुवातीचा नमुना होता' म्हणते का, यावरून विक्रीनंतर ती कशी वागेल याचा अंदाज येतो.

दोष म्हणाल तर आहेत. किमती अंगावर येतात, एका अंकात एका स्पीकरची किंमत आपल्याकडच्या फ्लॅटएवढी असू शकते. दुसरं, अनेक वर्षं त्यांचा नियम होता की अमेरिकेत किमान पाच डीलर असतील तरच पूर्ण परीक्षण. हेतू चांगला होता, वाचकाला माल ऐकायला मिळावा आणि कंपनी उद्या गायब होऊ नये, पण त्यामुळे छोटे आणि थेट विकणारे कारखानदार बाहेर राहिले. तिसरं, ऐकून लिहिलेलं आणि मोजलेलं यात उघड भांडण असलं तरी शेवटी शिफारस होतेच. 300बी व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड ॲम्प घ्या, 8-9 वॅट, आउटपुट इम्पीडन्स (ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा) 2-3 ओहम, म्हणजे स्पीकर बदलला की टोनच बदलतो, ग्राफमध्ये ते ढळढळीत दिसतं आणि वर परीक्षक लिहितो की असा आवाज आयुष्यात ऐकला नाही. दोन्ही खरं असू शकतं. पण त्याच्या स्पीकरवर जे झालं ते तुमच्या स्पीकरवर होईलच असं नाही, हे तुम्हालाच समजून घ्यावं लागतं.

त्यांची 'रेकमेंडेड कंपोनंट्स' यादी लोक पोथीसारखी वाचतात, क्लास ए, बी, सी असं. तुम्ही एकच करा, स्पीकरमध्ये 'रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्रीम लो फ्रीक्वेन्सी' असा पोटवर्ग असतो तो बघा. म्हणजे अगदी खालचा बास नाही पण बाकी त्या दर्जाचं. बहुतेक लोक 'रिस्ट्रिक्टेड' वाचून पान उलटतात, आणि 10 बाय 12 च्या खोलीला नेमकं तेच हवं असतं. का ते पुढे सांगतो.

द ॲब्सोल्यूट साउंड 1973 चं, हॅरी पिअर्सनने न्यूयॉर्कजवळच्या सी क्लिफ गावातून काढलेलं. त्याची कसोटी नावातच आहे, खऱ्या जागेत मायक्रोफोनशिवाय वाजणारी खरी वाद्यं हाच परिपूर्ण आवाज, सिस्टिम त्याच्या किती जवळ जाते ते सांगा. ही कल्पना मला आजही पटते, आणि ज्याने माइकशिवाय बैठक जवळ बसून ऐकली आहे त्याला तर सांगायलाच नको. साउंडस्टेज (डोळ्यासमोर उभा राहणारा आवाजाचा मंच), त्याची डेप्थ, वाद्याभोवतीची हवा, हे बोलायची भाषा होल्ट आणि पिअर्सन या दोघांनी रुजवली, आज यूट्यूबवरचा पोरगासुद्धा तीच भाषा बोलतो. पण हे मासिक मोजत नाही. परीक्षकाचं मत हेच पहिलं आणि शेवटचं, त्याला अडवणारं अंकात काही नाही, आणि उणं काढलेलं परीक्षण शोधायला दुर्बीण लागते. पिअर्सन 2014 मध्ये गेला. त्याच्या लिखाणात माज होता, पण न आवडलेलं तो तोंडावर सांगायचा. आता लेख गुळगुळीत झालेत. वाचायला छान, खरेदीला माझ्या दृष्टीने कमी उपयोगाचं.

हायफाय न्यूज ब्रिटिश, 1956 पासून. गंमत म्हणजे हे आणि स्टिरिओफाइल 2018 मध्ये एकाच मालकाकडे आले, पण स्वभाव वेगळा. इथे पॉल मिलरचा लॅब रिपोर्ट असतो, साधारण एक पान, आणि ॲम्पसाठी माझ्या मते हा छापील मासिकांतला सगळ्यात उपयोगी आकृतीचा नमुना. एकाच चौकटीत 8, 4, 2 आणि 1 ओहमवर क्षणभरासाठी किती पॉवर निघते ते दाखवतात. समजा एक ॲम्प 8 ओहमला 70 वॅट, 4 ला 115 आणि 2 ला परत 60 वर येतो, म्हणजे प्रोटेक्शन बसलं किंवा पॉवर सप्लायने मान टाकली. दुसरा 50, 95, 165, 230 असा चढत जातो. दुकानात पहिला 70 चा आणि दुसरा 50 चा म्हणून विकला जातो, आणि अवघड स्पीकरवर दुसरा पहिल्याला सहज मागे टाकतो. ही एक चौकट वाचता आली तरी वर्गणी वसूल.

त्यांचं जुन्या उपकरणांचं सदरही मला आवडतं. जुना ॲम्प किंवा टर्नटेबल आजच्या सिस्टिममध्ये लावून ऐकतात, काय बघून घ्यावं तेही सांगतात. आपल्याकडे सेकंडहँडचा बाजार मोठा, त्यामुळे हे थेट कामाला येतं. दोष काय, तर टक्केवारी. शंभरपैकी गुण देतात आणि बहुतेक सगळे ऐंशीच्या घरात, मग 84 आणि 86 यात फरक काय कळणार. गुण झाकून वाचा.

आता तो खोलीचा मुद्दा, जो कुठल्याच मासिकात आपल्यासाठी लिहिलेला नसतो. अमेरिकन घरं बरीचशी लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ बोर्ड ठोकलेली, त्या भिंती बासला थरथरतात, थोडा शोषून घेतात, थोडा बाहेर जाऊ देतात. आपली घरं विटांची किंवा आरसीसी, वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल, बास आत कोंडला की बाहेर जात नाही. त्यात 10 बाय 12 ची खोली. 12 फूट लांबीचा पहिला रूम मोड, म्हणजे ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो, साधारण 47 हर्ट्झला, 10 फूट रुंदीचा 56 ला. आणि जुन्या बांधकामात छतही 10 फुटाच्या जवळपास असतं, म्हणजे 56 हर्ट्झवर रुंदी आणि उंची दोघं मिळून घुमतात. तिथे डग्ग्याची मींड लावून बघा, काही स्वर अंगावर येतात आणि काही गायबच. मग अमेरिकन परीक्षक त्याच्या मोठ्या लाकडी घरात बसून लिहितो 'बास जरा हलका वाटला', तो स्पीकर आपल्याकडे बरोबर बसतो, आणि त्याने 'भरघोस, दणकट बास' म्हणून गौरवलेला आपल्याकडे ताप होतो. म्हणून तो रिस्ट्रिक्टेडवाला पोटवर्ग.

याच कारणासाठी स्पीकरच्या बाबतीत मी ब्रिटिश मासिकांना झुकतं माप देतो. त्यांची घरं विटांची, खोल्या लहान, स्पीकर भिंतीजवळ ठेवायची सवय, म्हणजे आपल्याशी जास्त जुळतं. त्यांच्याकडे गालिचा असतो हे मात्र लक्षात ठेवा. टाइलच्या खोलीत वरचा आवाज जरा जास्तच चमकतो, त्यामुळे त्यांनी 'ओपन, डिटेल्ड ट्रेबल' लिहिलं की मी मनात 'थोडा कडक' असं वाचतो.

व्हॉट हायफाय 1976 चं, आणि हायफाय मंडळींत त्याला हसायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. त्यांची पद्धत अशी की एका माणसाचं मत नाही, टीमचं, आणि उपकरण त्याच किमतीच्या दुसऱ्या उपकरणांशेजारी ठेवून ऐकतात. ही तुलना ही त्यांची खरी ताकद. वरच्या दोन अमेरिकन मासिकांत बऱ्याचदा परीक्षक नवीन वस्तूची तुलना त्याच्या स्वतःच्या पाचपट महाग सिस्टिमशी करतो, त्याचा तुम्हाला काय उपयोग? 30-40 हजाराचा बुकशेल्फ घेणाऱ्याला त्याच रेंजमधले तीन शेजारी कसे आहेत तेच हवं असतं.

पण त्यांच्या ताऱ्यांचा भारतात एक घोळ होतो. तारे किमतीवर बेतलेले असतात, ब्रिटनच्या किमतीवर. तिकडे 500 पौंडाच्या गटात पाच तारे मिळालेला ॲम्प इथे ड्यूटी, टॅक्स आणि वितरकाचा हिस्सा धरून वरच्या गटात जाऊन बसतो आणि तिथे त्याच्यापेक्षा चांगले लोक आधीच असतात. उलटंही होतं, चार तारेवाला इथे सेलमध्ये इतका खाली येतो की तो पाचाचा होतो. त्यामुळे तारे सोडून द्या आणि परीक्षणात 'अमुकपेक्षा हा' असं जे वाक्य येतं तेवढं उचला, मग इथल्या किमती स्वतः शेजारी मांडा. मोजमापं मात्र नाहीत, आणि लेखांची भाषा तीच तीच, पंच, टायमिंग, डायनॅमिक्स, तीन परीक्षणं सलग वाचली की कुठलं कुणाचं कळत नाही. वेबवर फुकट आहे, वर्गणीची गरज नाही. आणि लेखात खरेदीच्या लिंका असतात, विकलं गेलं की त्यांना कमिशन मिळतं, हे जाणून वाचा.

हायफाय चॉइस या ब्रिटिश मासिकाचे जुने ग्रुप टेस्टचे अंक मिळाले तर सोडू नका. पडद्याआड ॲम्प, आवाजाची पातळी जुळवलेली, ऐकणारे काही जण, नाव माहीत नाही, असं करून छापायचे. हे खर्चिक आणि कटकटीचं काम आहे, म्हणून कमी होत गेलं. जर्मन स्टिरिओप्ले आणि ऑडिओ मोजमापात पक्के पण सगळं गुणांच्या बेरजेत कोंबायचे. जपानचं स्टिरिओ साउंड जाडजूड त्रैमासिक, 1966 पासून, फोटोंसाठी तरी एकदा हातात घ्या.

अमेरिकेचं स्टिरिओ रिव्ह्यू आता त्या नावाने नाही, पण ज्युलियन हर्शची परीक्षणं वाचण्यासारखी आहेत, वेगळ्या कारणासाठी. तो प्रामाणिकपणे मोजायचा आणि शेवटी जवळजवळ सगळं चांगलंच निघायचं. याच मासिकाने जानेवारी 1987 मध्ये ॲम्पची डबल ब्लाइंड चाचणी छापली, म्हणजे कुठला ॲम्प वाजतोय ते ना ऐकणाऱ्याला माहीत ना चाचणी घेणाऱ्याला, स्वस्तापासून अतिमहागापर्यंत, आणि ऐकणाऱ्यांना फरक खात्रीने ओळखता आला नाही. त्यावर तेव्हापासून भांडण चालू आहे. स्वतः होल्टने 2007 मध्ये म्हटलं की डबल ब्लाइंडसारख्या प्रामाणिकपणाच्या चाचण्या नाकारल्यामुळेच हाय-एंड ऑडिओची विश्वासार्हता गेली. ज्याने 'ऐकून सांगा' सुरू केलं त्याचंच हे म्हणणं, आणि ते छापलं स्टिरिओफाइलनेच. हे जुने अमेरिकन अंक वर्ल्ड रेडिओ हिस्ट्री या साइटवर स्कॅन करून ठेवलेत, फुकट. 1947 ला सुरू होऊन 2000 साली बंद पडलेलं ऑडिओ मासिकही तिथे आहे, इंजिनियर असाल तर रात्र जाईल.

सगळ्याच मासिकांना मिळून एक मोठी अडचण आहे ती अशी की माल कंपनीकडून उसना येतो, जाहिरात त्याच कंपनीची असते आणि पानं मर्यादित. पाकीट घेऊन लिहितात असं मला वाटत नाही, तसं म्हणणं आळशीपणाचं आहे. होतं असं की जे चांगलं असण्याची शक्यता आहे तेच मागवलं जातं, आणि वाईट निघालेल्यावर पानं घालवायला कुणी तयार नसतं. म्हणून छापून आलेलं जवळपास सगळंच चांगलं दिसतं. त्याशिवाय नव्या तंत्राचा मोह. एमक्यूए आठवतंय का, डिजिटल संगीत लहान फाइलमध्ये बसवायचं तंत्र, 2014 च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं, स्टिरिओफाइल आणि ॲब्सोल्यूट साउंड दोघांनी क्रांती म्हणून डोक्यावर घेतलं, आणि कसून चिकित्सा आधी इंटरनेटवरच्या लोकांनी केली. 2023 च्या एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आणि 2022 चं मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं प्रकरण. त्यांच्या ज्या एलपी पूर्ण ॲनालॉग म्हणून वाखाणल्या जात होत्या त्यातल्या बऱ्याच डीएसडी डिजिटल फाइलवरून कापलेल्या निघाल्या, आणि डिजिटलचा वास लांबून येतो म्हणणाऱ्या परीक्षकांपैकी कुणाला वर्षानुवर्षं पत्ता लागला नव्हता. आवाज छानच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण यापुढे कुणी 'डिजिटलपणा लगेच जाणवतो' लिहिलं की मी ती ओळ वगळून पुढे जातो.

ऑडिओ सायन्स रिव्ह्यूबद्दल विचाराल म्हणून सांगतो, मासिक नाही, मोजमापांची वेबसाइट आहे, पण 2016 पासून मासिकांना घाम फोडलाय. तिथली स्पीकरची मोजमापं सोनं आहेत. डॅकच्या (डिजिटल फाइलचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) सिनॅडच्या, म्हणजे सिग्नलच्या मानाने गोंगाट आणि विकृती किती कमी त्याच्या, क्रमवारीचं मात्र मनावर घेऊ नका, 105 आणि 120 डीबी यातला फरक पंखा चालू असलेल्या खोलीत तुम्हाला कुठे ऐकू येणार?

शास्त्रीय गायनासाठी म्हणून यातलं कुणीही ऐकून लिहीत नाही, त्यांचा डग्गा म्हणजे डबल बास आणि त्यांची तानपुऱ्याची जवारी म्हणजे फार तर झांजांचा गुंजारव. तेव्हा परीक्षणात पुरुष आवाज, चेलो आणि पियानोच्या मधल्या पट्टीबद्दल काय लिहिलंय ते शोधा, गायकीचं वजन तिथेच कळतं. बास किती खोल गेला याच्या परिच्छेदाकडे काणाडोळा करा.

तर वर्गणी एकच भरायची असेल तर हायफाय न्यूजची डिजिटल भरा. स्टिरिओफाइलच्या साइटवर परीक्षणं मोजमापांसकट फुकट वाचता येतात, स्पीकर निवडताना तिथून सुरुवात करा. व्हॉट हायफायवर त्याच मॉडेलचे शेजारी कोण ते बघा. ॲब्सोल्यूट साउंड कुणाकडून वाचायला मिळालं तर मजेने वाचा. तुमच्या यादीतल्या स्पीकरची नावं इथे टाका, इम्पीडन्सचा ग्राफ मिळत असेल तर तोही, आणि खोलीची उंची मोजून लिहा, ती कुणी लिहीत नाही.